एका दिवसाचं पुणं : कुणासाठी कोणतं?

"एवढं जायचंच आहे, तर सगळंच बघून येऊ!" असं घरात जो कुणी म्हणेल, त्याच्या हाती पुण्याच्या सहलीचा बेत अजिबात देऊ नये. शनिवारवाडा, दगडूशेठ, पर्वती, सारसबाग, केळकर संग्रहालय, आगाखान पॅलेस, कात्रजचं प्राणिसंग्रहालय आणि वेळ उरलाच तर सिंहगड! कागदावर ही यादी फार छान दिसते. संध्याकाळी स्वारगेटला एसटीची वाट बघत उभ्या असलेल्या कुटुंबाकडे मात्र बघवत नाही. सासूबाईंचे गुडघे धरलेले, मुलं किरकिरी झालेली, यजमान गप्प, जाऊबाईंची साडी राहिलेली. आणि घरची बाई? तिच्या दोन्ही खांद्यांना पिशव्या.

महिन्याच्या वाणसामानाचा हिशेब आपण करतो, तसा दिवसाचाही करून बघावा. साताऱ्याहून सहाला निघालात तर नऊच्या सुमाराला स्वारगेट. परतीची गाडी सातची धरली, तर हातात दहा तास. त्यातून नाश्ता, जेवण आणि चहाचे दोन तास काढा. रिक्षा, मेट्रो, चालणं यांचे दोन. रांगा, चपला ठेवणं, "अरे, बंड्या कुठे गेला?" यांचा दीड तास. उरले साडेचार. एवढ्यात नीट अशी दोन ठिकाणं होतात, फार तर वर एक लहानसं. म्हणून "काय काय बघायचं" यापेक्षा "येतंय कोण" हा प्रश्न आधी.

वडीलधारी माणसं बरोबर असतील तर पायऱ्या आधी मोजा. पर्वतीला 103 पायऱ्या आहेत. नानासाहेब पेशव्यांनी 1749 साली बांधलेलं तिथलं देऊळ आणि वरून दिसणारं पुणं, दोन्ही सुरेख. पण सकाळी नऊला पर्वती चढलेले सासरे अकराला कुठेच यायला तयार नसतात. त्यांच्यासाठी सारसबाग बरी. स्वारगेटपासून जवळ, बसायला जागा, आणि मधोमध तळ्यातला गणपती. दगडूशेठचं दर्शन सकाळी लवकर उरकावं. मंगळवार आणि चतुर्थी मात्र टाळावी. रांग फारच मोठी दिसली तर संकोच नको, मूर्ती रस्त्यावरूनही दिसते. हात जोडायला तेवढं पुरतं.

ज्यांना देवळांपेक्षा इतिहासाची ओढ आहे, अशा आजी-आजोबांना आगाखान पॅलेसला न्यावं. तिसऱ्या आगाखानांनी 1892 साली बांधलेला हा वाडा. 1942 च्या ऑगस्टपासून गांधीजी, कस्तुरबा, सरोजिनी नायडू, महादेवभाई देसाई यांना इथेच स्थानबद्ध केलं होतं. आठवडाही झाला नाही तोच 15 ऑगस्टला महादेवभाई गेले, आणि 22 फेब्रुवारी 1944 ला कस्तुरबा. दोघांच्या समाध्या आवारातच आहेत. मोठी झाडं, शांतता. वय झालेल्या माणसाला सोसेल असं ठिकाण आहे. फक्त ते नगर रस्त्याला, पेठांपासून लांब. तिथे जायचं ठरलं तर अर्धा दिवस तिकडे गेला असं समजा.

मुलांचं गणित निराळं. त्यांना शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा दाखवा. हत्तीने धडक मारू नये म्हणून बसवलेले ते लांब लांब खिळे बघितले की निम्मं काम झालं. आत गेल्यावर मात्र, "आई, वाडा कुठाय?" हा प्रश्न ठेवलेलाच! उत्तर तयार ठेवावं : 1732 साली बांधून झालेला थोरल्या बाजीरावांचा हा वाडा 1828 च्या आगीत जळाला, म्हणून आता तट, दरवाजे, चौथरे आणि कारंज्यांच्या जागा तेवढ्या उरल्या आहेत. हे आदल्या रात्री गोष्टीसारखं सांगितलं तर तिथे मुलं स्वतःच चौथरे मोजत हिंडतात. मात्र जायचं ते सकाळीच. दुपारी आत सावली कमी, आणि दगड तापतात.

कात्रजचं प्राणिसंग्रहालय मुलांना आवडतंच, पण त्याचा आवार एवढा मोठा आहे की त्यानंतर दुसरं काही धरू नये. शिवाय ते बुधवारी बंद असतं. घरातली दोनच माणसं आणि मुलं अशी जाणार असतील तरच कात्रज. आजी बरोबर असतील तर नको.

आता खरेदी. लग्नाचा बस्ता काढायचा असेल तर ती सहल म्हणूच नका. लक्ष्मी रस्त्यावर दुसऱ्या दुकानात शिरलं की घड्याळाकडे कुणी बघत नाही, आणि बघूही नये! तो दिवस साड्यांचाच. पण किरकोळ खरेदी असेल, म्हणजे मंगळसूत्राची वाटी, केसांच्या पिना, पूजेची उपकरणी, लेकीसाठी भातुकली, तर तुळशीबागेला दीड तास पुरे. यादी करून न्यावी. यादीत नसलेल्या दोन वस्तू घेण्याची मुभा ठेवावी. ती कुणालाच चुकत नाही. दुकानांचा सुटीचा वार आणि दुपारच्या बंदची वेळ आधी विचारून ठेवा. पुण्याच्या दुपारच्या झोपेची थट्टा जुनी झाली असली तरी पेठांत एखादं दार अजून बंद सापडतं.

बायका तुळशीबागेत असताना पुरुषांना दाराशी पिशव्या धरून उभं करू नये. ते पाचव्या मिनिटाला "झालं का?" सुरू करतात आणि मग आपल्यालाही नीट बघणं होत नाही. त्यांना अप्पा बळवंत चौकात पुस्तकांच्या दुकानांकडे धाडावं, नाहीतर मंडईत. 1886 साली उघडलेली मंडईची ती अष्टकोनी इमारत बघण्यासारखी आहे. गंमत अशी की नगरपालिकेत असताना जोतीराव फुल्यांनी तिच्या खर्चाला विरोध केला होता, आणि पुढे मंडईला नाव मिळालं ते त्यांचंच.

माझा आग्रह आहे तो इथे. सगळ्यांनी सगळीकडे बरोबरच हिंडलं पाहिजे हा हट्ट सोडा. दुपारी दोन तास पांगावं आणि पुन्हा एकत्र यावं. जमायची जागा मात्र अशी ठरवा, की आधी पोचलेल्याला बसता येईल. तुळशीबागेतल्या राममंदिराचा मंडप त्याला उत्तम. "मोबाइल आहे की!" असं म्हणून जागा न ठरवणाऱ्यांचा मोबाइल नेमका दुपारी तीनला संपतो.

पेठांतली बहुतेक ठिकाणं एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, म्हणून हे पांगणं सोपं. सप्टेंबर 2024 पासून स्वारगेटपर्यंत भुयारी मेट्रोही झाली आहे. स्वारगेटहून मंडई हे पुढचंच स्थानक. पुणे स्टेशनवर उतरणाऱ्यांनी जिल्हा न्यायालय स्थानकात मार्ग बदलला की तेही मंडईला पोचतात. रिक्षाच्या घासाघिशीतून सुटका, आणि दुसरा एक फायदा, जो बायकाच समजू शकतील. मेट्रोच्या स्थानकांत स्वच्छतागृहं आहेत. "जायची सोय नाही" म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या बायका आपल्यात किती आहेत! मग रात्री डोकं दुखतं, दोन दिवसांनी लघवीला जळजळ सुरू होते, आणि ते कुणाला सांगायचंही नाही. तेव्हा बेत करताना जेवणाचं हॉटेल जसं ठरवतो, तशीच ही ठिकाणंही ठरवून ठेवावीत. पाणी प्यायचं. मधुमेहाचं माणूस बरोबर असेल तर जेवण दीडच्या आत, मग शनिवारवाडा राहिला तरी चालेल.

आता तुमचं काय? "वहिनी, येताय ना आत?" "नको, मी बसते इथेच पिशव्यांजवळ." हा संवाद प्रत्येक सहलीत एकदा तरी होतो, आणि त्यातली वहिनी ठरलेली असते. डबे तिने भरलेले, गोळ्या तिने घेतलेल्या, मुलांचे जादा कपडे तिच्याकडे. बेत तिचा आणि बघणं दुसऱ्यांचं. म्हणून येणाऱ्या माणसांच्या यादीत स्वतःचंही नाव लिहा, आणि पांगण्याच्या त्या दोन तासांत पिशव्या यजमानांकडे सोपवून बाजीराव रस्त्याने सरळ राजा दिनकर केळकर संग्रहालयात जा.

तिथे तलवारी आहेत, पण बायकांनी बघायचं ते वेगळं. दिनकर केळकर (1896–1990) 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. घरचा धंदा चष्म्यांचा. लहानपणी गेलेल्या राजा या मुलाच्या नावाने त्यांनी हा संग्रह उभा केला, पत्नी कमलाबाईंच्या साथीने. गावोगाव हिंडून त्यांनी काय गोळा केलं? दिवे, अडकित्ते, फण्या, कुलपं, दौती, पाय घासायच्या वज्र्या, स्वयंपाकाची भांडी. आपल्या आजीने माळ्यावर टाकलेलं नि आईने मोडीत घातलेलं सारं! वीस हजारांवर वस्तू आहेत. एका वज्रीवर कुणा कारागिराने मोर का बसवला असेल, असा विचार करत उभं राहिलं की दोन तास कसे जातात कळत नाही. सासूबाईंना चालवत असेल तर त्यांनाही न्या. लेबलात नसलेलं त्या सांगतील, "यात आमच्याकडे कुंकू ठेवायचे" म्हणून.

मोठी मुलगी बरोबर असेल तर तिला घेऊन गंज पेठेतल्या फुलेवाड्यात जा. सावित्रीबाई आणि जोतीराव यांचं ते राहतं घर. अस्पृश्यांसाठी त्यांनी 1868 साली खुला केलेला हौद तिथेच होता. 1848 साली मुलींची शाळा जिथे भरली तो भिडेवाडा दगडूशेठच्या समोरच होता. स्मारकासाठी तो डिसेंबर 2023 मध्ये पाडण्यात आला. दर्शनाहून बाहेर पडताना ती जागा लेकीला बोटाने दाखवायला विसरू नका.

साडेपाचला मंडपात सगळे जमले की चहा घ्यावा. बाकरवडी, चिवडा जे काय न्यायचं ते तेव्हाच घ्यावं. सकाळी घेतलेली बाकरवडी दिवसभर खांद्यावर हिंडते आणि घरी पोचेपर्यंत तिचा भुगा होतो. पिशवी पुरुषांच्या हातात द्यावी आणि सव्वासहाच्या आत स्वारगेट गाठावं, म्हणजे सातच्या गाडीत खिडकीजवळची जागा मिळते.