दगडावर दगड, त्यावर वाट

इटलीच्या वायव्य किनाऱ्यावर, लिगुरिया प्रांतात, डोंगर थेट समुद्रात उतरतो. सपाट जमीन जवळजवळ नाहीच. तरीही ला स्पेत्सिआ बंदराच्या पश्चिमेला पाच गावं या उतारावर शतकानुशतकं टिकून आहेत. मोंतेरोस्सो, वेर्नात्सा, कोर्निल्या, मानारोला आणि रिओमाज्जोरे यांना मिळून ‘चिंक्वे तेर्रे’ म्हणतात. आगगाडीनं एका गावाहून पुढच्या गावी जायला मोजकी मिनिटं पुरतात, आणि त्यातलीही बरीचशी बोगद्यातल्या अंधारात जातात. किनाऱ्यालगतची ‘निळी वाट’ पायी धरली, तर तेवढ्याच जेमतेम बारा किलोमीटरना अख्खा दिवस लागतो.

ही वाट हौशी भटक्यांसाठी कुणी आखलेली नाही. १८७४ मध्ये जेनोवा ते ला स्पेत्सिआ रेल्वे सुरू होण्याआधी या गावांना दोनच मार्ग होते, होडी किंवा पाय. मळ्यात जायचं, शेजारच्या गावी जायचं, द्राक्षांची टोपली खाली आणायची, ती याच पायवाटांनी.

मोंतेरोस्सोहून निघालं की चढ लगेच सुरू होतो. हे पाचातलं सर्वांत पसरट गाव, वाळूच्या किनाऱ्याचं, लिंबांचं आणि खारवलेल्या अँचोवी मासळीचं. १९७५ चे नोबेल विजेते कवी एउजेनिओ मोंताले यांचे लहानपणीचे उन्हाळे इथेच गेले. गाव मागे पडलं की पायऱ्याच पायऱ्या. काही ठिकाणी वाट इतकी अरुंद, की समोरून येणाऱ्याला जागा देण्यासाठी भिंतीला पाठ टेकवावी लागते. या भिंतीकडे मात्र नीट पाहावं, कारण चिंक्वे तेर्रेचा सगळा इतिहास तिच्यात रचलेला आहे.

कोकणातल्या माणसाला ती ओळखीची वाटेल. चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड बसवून रचलेला गडगा. पण आपला गडगा बहुधा हद्द दाखवतो, इथला गडगा डोंगर धरून ठेवतो. तळाला मोठे दगड, भिंतीचा किंचित कल डोंगराकडे, मागे बारीक दगडांची भर. मुरलेलं पाणी फटींतून निथळतं, म्हणून मातीचा दाब भिंतीवर साचत नाही. अशा भिंतींच्या आधारानं उतारावर मजग्या काढल्या आणि त्यांवर द्राक्षवेल लावले. सगळ्या भिंती एकापुढे एक ठेवल्या, तर काही हजार किलोमीटर भरतील, असा अंदाज आहे. युनेस्कोनं १९९७ मध्ये हा परिसर जागतिक वारसा यादीत घेतला, तो माणसानं घडवलेला भूप्रदेश म्हणून. १९९९ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, आणि २०१८ मध्ये इटलीसह आठ देशांतल्या या कोरड्या रचाईच्या कलेलाही युनेस्कोची मान्यता मिळाली.

मात्र मान्यता मिळेपर्यंत रचणारे हात कमी झाले होते. एकोणिसाव्या शतकात ला स्पेत्सिआत नौदलाची गोदी उभी राहिली आणि पगाराची नोकरी दिसू लागली. पुढे फिलोक्सेरा किडीनं वेलांची मुळं खाल्ली. रेल्वेनं बाहेरचं जग जवळ आणलं, तसं गावातल्या तरुणांना बाहेर जाणंही सोपं केलं. मजग्या ओस पडत गेल्या. कोसळलेला एक दगड वेळीच बसवला नाही, की पुढच्या पावसात आख्खा बांध जातो.

याचा अर्थ २५ ऑक्टोबर २०११ रोजी कळला. काही तासांत कोसळलेल्या विलक्षण पावसानं मोंतेरोस्सो आणि वेर्नात्सा चिखलात बुडाली. वेर्नात्साचा ओढा मुख्य रस्त्याखालून बंदिस्त वाहतो. डोंगरावरून आलेला गाळ त्यात मावला नाही आणि तो रस्त्यावरून घरांत शिरला. तिथे तीन जणांचा जीव गेला. नंतरच्या भूवैज्ञानिक अभ्यासांत असं दिसलं, की नुकत्याच सोडून दिलेल्या मजग्या दरडींना विशेष बळी पडल्या होत्या. आज बंदरातल्या रंगीत घरांचे फोटो काढणाऱ्याला त्याचा मागमूस लागत नाही.

वेर्नात्साहून पुढची वाट ऑलिव्हच्या बागांतून कोर्निल्याला पोचते. पाचातलं हे एकच गाव समुद्राला टेकलेलं नाही. ते सुमारे शंभर मीटर उंच कड्यावर बसलं आहे आणि रेल्वे स्थानकावरून वर यायला ३८२ पायऱ्या आहेत. चौदाव्या शतकात बोकाच्चोनं ‘डेकामेरॉन’मध्ये इथल्या वाइनचा उल्लेख केला, म्हणजे तिची कीर्ती तेव्हाच दूरवर पोचली होती.

कोर्निल्या ते मानारोला ही किनाऱ्यालगतची वाट दरडींमुळे बरीच वर्षं बंद राहिली. तिला पर्याय म्हणजे वोलास्त्रा गावावरून जाणारी वरची वाट. ती दमवते, पण थेट द्राक्षमळ्यांतून नेते. बोस्को, अल्बारोला आणि व्हर्मेंतीनो ही इथली द्राक्षं. सप्टेंबरात तोडणी होते. निवडक घड आठवडेच्या आठवडे सावलीत सुकवून त्यांपासून ‘शाकेत्रा’ नावाची गोड वाइन करतात. सुकताना वजन घटतं, रस थोडाच निघतो आणि बाटली महाग होते. यंत्र चालवायला जागा नाही. फार तर उतारावर रुळाच्या एका पट्टीवरून चढणारी छोटी मालगाडी घड वाहून नेते.

शेवटचा टप्पा मानारोला ते रिओमाज्जोरे, कड्यात कोरलेली ‘विआ देल्लामोरे’, म्हणजे प्रेमाची वाट. सप्टेंबर २०१२ मध्ये दरड कोसळून चार ऑस्ट्रेलियन पर्यटक जखमी झाले आणि हा जेमतेम एक किलोमीटरचा तुकडा बंद पडला. तो पुन्हा पूर्ण खुला व्हायला २०२४ उजाडलं. आता तिथे वेळ ठरवून, तिकीट काढून जावं लागतं. मोंतेरोस्सो ते कोर्निल्या या टप्प्यांनाही शुल्क आहे, आणि सपाता घालून या वाटांवर येणाऱ्याला दंड होऊ शकतो.

तिकिटावर कुरकुरणारे बरेच भेटतात. पण तिकिटाच्या पैशातून फार तर पायऱ्या दुरुस्त होतील, कठडे लागतील. वरची मजगी शाबूत राहायची, तर तिथल्या द्राक्षाला भाव मिळाला पाहिजे आणि ते पिकवणाऱ्याला तिथे राहणं परवडलं पाहिजे. मानारोलाजवळ ग्रोप्पो इथे उत्पादकांची सहकारी वाइनरी आहे, ती हेच काम करते. दिवसभर चालून झाल्यावर तिथली एक बाटली विकत घेतली, तर ती चैन समजू नये. वाट ज्या भिंतीवर उभी आहे, तिच्या मजुरीतला तो आपला वाटा आहे.