बर्फातला डबा : जिओकॅशिंगच्या पंचवीस हिवाळ्यांचा मागोवा

मे 2000 च्या सुरुवातीला अमेरिकन सरकारने जीपीएसच्या नागरी संकेतांत मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली. तोवर शंभर-शंभर मीटर भरकटणारी हातातली यंत्रे एका रात्रीत कितीतरी नेमकी झाली. 3 मे रोजी डेव्ह उल्मर या संगणक सल्लागाराने ऑरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळच्या झाडीत एक काळी बादली अर्धवट पुरून ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवरच्या जीपीएसप्रेमींना कळवले. आत पुस्तके, सॉफ्टवेअर, थोडे पैसे, एक गलोल, बीन्सचा एक डबा आणि नोंदवही. काही घ्या, काही ठेवा, वहीत लिहा, एवढाच नियम. तीन दिवसांच्या आत माइक टीग नावाचा गृहस्थ तिथे पोचला. जिओकॅशिंगचा, म्हणजे अक्षांश-रेखांशांवरून लपवलेला डबा शोधण्याच्या या खेळाचा, जन्म असा वसंतातला, कोरड्या जमिनीवरचा आहे. हिवाळ्याचा विचार त्यात कुठेच नव्हता.

सप्टेंबर 2000 मध्ये जेरेमी आयरिश यांनी जिओकॅशिंग डॉट कॉम सुरू केले, तेव्हा यादीत सगळ्या जगातले मिळून 75 डबे होते. ‘जवळचा डबा’ म्हणजे तेव्हा गाडीने दोन-तीन तासांवरचा. आज जगभर तीस लाखांहून जास्त डबे आहेत. अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या शहरात नकाशा उघडला की हिरव्या, नारिंगी, निळ्या चिन्हांची गर्दी दिसते. दोन डब्यांत किमान 161 मीटर अंतर हवे असा नियम करावा लागला, यातच सगळे आले.

मधल्या काळात शोधण्याची रीतच पालटली. सुरुवातीच्या वर्षांत लोक यादी छापून घेत, गार्मिनच्या छोट्या यंत्रात आकडे हाताने भरत आणि काटा दाखवेल तिकडे चालत. नदीवरचा पूल कुठे, कुंपण कुठे, हे चालता चालताच कळे. 2005 मध्ये गूगल मॅप्स आले. 2008 च्या सुमारास फोनमध्येच जीपीएस येऊ लागला आणि छापील कागद सुटला. 2012 मध्ये गूगलने जास्त वापरासाठी पैसे आकारायला सुरुवात केली, तेव्हा जिओकॅशिंग डॉट कॉमने ओपनस्ट्रीटमॅपचा आधार घेतला. मला हा बदल फार मोलाचा वाटतो. ओपनस्ट्रीटमॅप सामान्य माणसांनी मिळून काढलेला नकाशा आहे. त्यात रानातल्या पायवाटा असतात, आणि डबा शोधणाऱ्याला हमरस्त्यापेक्षा पायवाटेची गरज जास्त.

इतका बारीक झालेला नकाशाही बर्फ पडला की अर्धवट ठरतो. मिनेसोटात राहणाऱ्या आम्हा लोकांना हे दर डिसेंबरात नव्याने जाणवते. मिनिआपोलिस 45 अंश अक्षांशाच्या आसपास आहे. तिथे अक्षांशात मिनिटाच्या हजाराव्या भागाचा फरक म्हणजे उत्तर-दक्षिण जेमतेम 1.85 मीटर. आकडा इतका नेमका, आणि तरी त्या जागी गुडघाभर बर्फाखाली ओंडका आहे की खड्डा, हे तो सांगत नाही. डबा पुरण्यासाठी परवानगीशिवाय खणायला आता बंदी आहे, पण बर्फ तो आपणहून पुरून टाकतो. उन्हाळ्यात सहज चालायची वाट इथल्या स्टेट पार्कांत हिवाळ्यात स्कीसाठी दाबून तयार करतात, मग तिच्यावर चालत जायला मनाई असते. उन्हाळ्यात जिथे गाडी लावता येते, ती जागा बर्फ न उपसल्यामुळे बंद. नकाशावर मात्र तीच हिरवी खूण.

म्हणून हिवाळ्यासाठी डबा निवडताना मी नकाशावर फक्त परिसर ठरवते. निवड करते ती आधी येऊन गेलेल्यांनी संकेतस्थळावर लिहिलेल्या नोंदी वाचून. डब्याच्या पानावर हिमकणाचे चिन्ह असते, म्हणजे हिवाळ्यातही मिळण्याजोगा. ते चिन्ह लपवणाऱ्याने एकदाच लावलेले असते, कदाचित जूनमध्ये बसून. त्यापेक्षा आदल्या वर्षांच्या जानेवारी-फेब्रुवारीतल्या नोंदी जास्त खऱ्या. फांदीला टांगलेला होता, छातीच्या उंचीवर, असे कुणी फेब्रुवारीत लिहिले असेल तर निघायला हरकत नाही. पानावर मदतीसाठी दिलेल्या इशाऱ्यात ‘बुंध्याशी’ किंवा ‘दगडाखाली’ असेल तर तो डबा एप्रिलसाठी राखून ठेवावा. वाट किती अवघड याचे एक ते पाच गुण दिलेले असतात, ते बहुतेक वेळा उघड्या जमिनीचे असतात. बर्फात दोनची वाट तीनची समजावी.

बाकीच्या गोष्टी अनुभवाने अंगवळणी पडतात. शाई गोठते, म्हणून पेन्सिल. आयफोन शून्याच्या खाली वापरण्यासाठी बनवलेलाच नाही, त्यामुळे तो आतल्या खिशात अंगाच्या उबेला ठेवायचा आणि नकाशा घरूनच उतरवून घ्यायचा. डिसेंबरच्या अखेरीस दिवस पावणेनऊ तासांचा, साडेचारला सूर्य मावळतो. परतताना आणखी दोन-चार झाडांभोवती फेरी मारावी, नाहीतर आपली पावले येणाऱ्या-जाणाऱ्याला थेट डब्यापाशी नेतात.

हिवाळा घेतो तसा देतोही. पाने गळतात, आकाश मोकळे होते, यंत्राला उपग्रह चांगले दिसतात. गोचिड्यांचा त्रास जवळजवळ नसतो. आणि बेटे! तळ्यातल्या बेटावरचा डबा उन्हाळ्यात पाच गुणांचा, कारण होडी लागते. जानेवारीत तिथे चालत जाता येते. हा आनंद फक्त थंड मुलखाचा. मात्र मिनेसोटाचा निसर्गसंपदा विभाग चालण्यासाठी किमान चार इंच ताजा, पारदर्शक बर्फ हवा म्हणून सांगतो. पांढरा बर्फ असेल तर त्याच्या दुप्पट. वाहत्या पाण्याजवळ तोही भरवशाचा नाही. बेटावर कुणाची पावले दिसली म्हणून ती आपल्या जाण्याची परवानगी ठरत नाही. बर्फाला भोक पाडून जाडी मोजावी, मगच पुढे.

महाराष्ट्रात सारे याच्या उलट. सह्याद्रीत हिवाळा म्हणजे चालायचा खरा मोसम. गवत वाळलेले, वाटा दिसणाऱ्या, हवा स्वच्छ. तिथे डब्याची परीक्षा पावसाळा घेतो, म्हणून नोव्हेंबरात आधी पाहावे ते ऑक्टोबरातली एखादी नोंद आहे का. डबे विरळ आहेत, तेव्हा एकेका नोंदीचे मोल तिथे आणखी जास्त.

या पंचवीस वर्षांत नोंदी मात्र आखूड होत गेल्या. वहीतली परिच्छेदभर हकीकत फोनवरच्या चार अक्षरी ‘टीएफटीसी’वर, म्हणजे ‘डब्याबद्दल आभार’ एवढ्यावर आली. पुढच्या माणसाला हिवाळ्यात त्यातून काहीही कळत नाही. ‘सापडला नाही’ ही नोंद तर लोक संकोचाने टाळतात, आणि जानेवारीत तीच सर्वांत उपयोगाची असते. तेव्हा या हिवाळ्यात डबा शोधायला निघालात, तर सापडो न सापडो, घरी आल्यावर दोन ओळी जरूर लिहा: बर्फ किती होता, गाडी कुठे लागली, डबा जमिनीपासून किती उंच होता.