स्पीड ब्रेकचे बटण बिघडले तर?

प्रवासी विमानाची चाके धावपट्टीला टेकताच पंखांवरील पट्ट्या एकदम उभ्या राहतात. खिडकीजवळ बसणाऱ्यांना हे दृश्य परिचयाचे असते. हवेला अडथळा करणाऱ्या आणि पंखांना उचलून धरणारे बल कमी करणाऱ्या अशाच पट्ट्या उड्डाणातही वापरल्या जातात. वेग न वाढू देता झपाट्याने खाली उतरायचे असेल तर वैमानिक त्या बाहेर काढतो. त्यांना स्पीड ब्रेक म्हणतात. पुण्याच्या हडपसर येथील केंद्रामुळे अनेकांना माहीत असलेल्या ग्लायडरमध्ये हे काम दांडा ओढून होते. पट्टी किती बाहेर आली हे हातालाच कळते. घरी बांधलेल्या छोट्या विमानात मात्र पट्ट्या बहुधा विजेच्या मोटरवर चालतात. हात आणि पट्टी यांच्यात उरते ती एक तार आणि एक बटण.

घरी विमान बांधणे ही आपल्याकडे केवळ कल्पना राहिलेली नाही. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते लोकांसमोर आले, नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली आणि उड्डाणाच्या परवानगीसाठी ऑक्टोबर २०१९ उजाडला. कारखान्यात अभियंत्यांची अनेक पथके जे तपासतात, ते अशा विमानात बांधणाऱ्यालाच आधी तपासावे लागते. स्पीड ब्रेकची जोडणी हे त्याचे बोलके उदाहरण आहे.

बिघाड गृहीत धरून रचना

घरातील पंख्याचे बटण बिघडले तर पंखा फिरत नाही, एवढेच. विमानात मात्र पहिला प्रश्न असतो, वीज गेली तर पट्ट्या कोणत्या स्थितीत राहतील? उत्तर एकच असावे लागते: मिटलेल्या. म्हणून प्रवाह चालू असेपर्यंतच पट्टी बाहेर राहावी आणि तो तुटताच स्प्रिंगने आत जावी, अशी रचना सुरक्षित मानली जाते. मग तार तुटो, फ्यूज उडो किंवा बॅटरी संपो, विमान उडण्याच्या मूळ स्थितीत परत येते.

दुसरा धोका असमतोलाचा. एका पंखावरची पट्टी बाहेर आणि दुसरीवरची आत राहिली, तर विमान एका बाजूला कलू लागते. दोन्ही मोटरना वेगवेगळे सर्किट ब्रेकर दिले तर हा धोका वाढतो. एक उडाला तरी दुसरी बाजू चालूच राहते. त्यामुळे दोन्हींचा पुरवठा एकाच ब्रेकरमधून येणे आणि एक पट्टी मिटताच दुसरीचाही प्रवाह तोडणे श्रेयस्कर.

तिसरा धोका उलट्या प्रकारचा आहे. मोटर सुरू होताना नेहमीपेक्षा बराच जास्त प्रवाह ओढते. तो थेट छोट्या बटणातून नेला तर आतले संपर्क जळतात किंवा एकमेकांना चिकटतात, आणि बटण बंद करूनही प्रवाह थांबत नाही. म्हणून बटणाने केवळ रिले चालवावा आणि मोटरचा भार रिलेने वाहावा. रिलेही चिकटू शकतो. तेव्हा उपाय एकच: ब्रेकर हाताने ओढून काढणे. तो आसनावर बसून, पट्टा बांधलेल्या अवस्थेत हाताला लागला पाहिजे.

विस्मरणाचा बंदोबस्त

यंत्र नीट चालूनही माणूस चुकतो. ५ जुलै १९७० रोजी टोरंटो येथे उतरणाऱ्या एअर कॅनडाच्या डीसी-८ विमानातील पट्ट्या जमिनीला टेकण्यापूर्वीच उघडल्या गेल्या आणि विमानातील सर्व १०९ जण मृत्युमुखी पडले. २० डिसेंबर १९९५ रोजी कोलंबियातील काली शहराजवळ मार्ग चुकलेले अमेरिकन एअरलाइन्सचे बोइंग ७५७ डोंगरावर आदळले. १५९ जण दगावले. अखेरच्या क्षणी वैमानिकांनी इंजिनांना पूर्ण ताकद दिली होती, परंतु खाली उतरताना उघडलेल्या पट्ट्या तशाच होत्या.

छोट्या विमानात यावर स्वस्त तोड आहे. थ्रॉटलच्या दांड्यापाशी एक सूक्ष्म स्विच बसवतात. दांडा पूर्ण पुढे जाताच तो बटणाचा पुरवठा तोडतो आणि पट्ट्या आत जातात. मात्र दांडा मागे घेताच त्या आपोआप पुन्हा उघडता कामा नयेत. बटण एकदा बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय प्रवाह मिळणार नाही, अशी रिलेची जोडणी हवी. जोडीला पट्टी खरोखर बाहेर आली की पेटणारा दिवा असावा. हा दिवा बटणावरून नव्हे, तर पट्टीजवळच्या स्विचवरून चालावा. नाहीतर तो केवळ वैमानिकाची इच्छा सांगेल, वस्तुस्थिती नव्हे.

तारांच्या बाबतीत काटकसर महाग पडते. घरगुती तारेचे पीव्हीसी वेष्टण जळताना विषारी धूर सोडते, म्हणून विमानासाठी उष्णता सोसणाऱ्या वेष्टणाच्या तारा वापरतात. पंखाच्या पत्र्यातून तार जाते तेथे रबरी कडे हवे, अन्यथा कंपनाने वेष्टण घासून निघते.

सर्व जोडणी झाल्यावर खरी परीक्षा जमिनीवरच घ्यावी. पट्ट्या बाहेर काढून फ्यूज काढावा, एकेक तार सोडवावी, ब्रेकर ओढावा आणि प्रत्येक वेळी दोन्ही पट्ट्या आत जातात का ते पाहावे. त्यांपैकी एक जरी बाहेर राहिली, तरी विमान हँगरबाहेर नेऊ नये.