गाडी ‘लीन’ चालतेय? आधी निदानाचे पैसे घ्यायला शिका



गॅरेज टाकायचंय, पण कंपनीच्या सर्व्हिस सेंटरसमोर आपण टिकणार कसे? ही भीती अनेकांच्या मनात असते. आज त्याचं उत्तर एकाच फॉल्टमधून समजून घेऊ.

समजा, कल्याण-शीळ रोडला तुमचं दोन गाड्या मावतील एवढं गॅरेज आहे. सकाळी एक एमएच-०५ पासिंगची गाडी येते. सीएनजी-पेट्रोल, दिवसभर ठाणे-डोंबिवली भाडं मारणारी. चेक इंजिन लाइट लागलाय, पिकअप नाही, सिग्नलला उभी राहिली की मिसिंग. स्कॅनर लावला, कोड आला पी०१७१, म्हणजे ‘सिस्टीम टू लीन’.

इथेच बरेच मेकॅनिक चुकतात. कोड ऑक्सिजन सेन्सरच्या रीडिंगवरून आला, म्हणून सेन्सरच बदलतात. दोन दिवसांनी लाइट पुन्हा लागतो. गिऱ्हाइकाचे पैसे गेले, धंद्याचे दिवस बुडाले आणि तुमचं नाव खराब झालं. कोड आजार सांगतो, कारण सांगत नाही. सेन्सर बहुतेक वेळा खरंच बोलत असतो.

लीन म्हणजे नेमकं काय?

शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला १ किलोला साधारण १४.७ किलो हवा लागते. हवा जास्त किंवा इंधन कमी झालं की मिक्श्चर लीन. मग इंजिन ठोकतं, तापतं आणि जास्त दिवस तसंच चालवलं तर व्हॉल्व्ह जळू शकतात. इसीयू इंधन वाढवून हे सावरायला बघतो. किती वाढवलं, ते स्कॅनरवर ‘फ्युएल ट्रिम’ म्हणून दिसतं. शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म यांची बेरीज अधिक-उणे १० टक्क्यांत असेल तर साधारण ठीक. अधिक २० किंवा त्यावर गेली तर कुठेतरी नक्की घोटाळा आहे.

स्पॅनर उचलण्याआधी तीन चाचण्या

पहिली: गाडी गरम करून आयडलला ट्रिम बघा, मग २५०० आरपीएमवर धरून बघा. आयडलला जास्त आणि रेस दिल्यावर कमी, तर बाहेरची हवा आत शिरतेय. व्हॅक्यूमचे होज, इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट, पीसीव्ही व्हॉल्व्ह तपासा. मॅप सेन्सरच्या गाडीत ट्रिमपेक्षा चढलेलं आयडल जास्त दिसतं, हे लक्षात ठेवा.

दुसरी: आयडलला ठीक, पण गायमुखच्या चढाला ट्रिम वाढतो? मग इंधन कमी पडतंय. फिल्टर, पंपाचं प्रेशर, इंजेक्टर बघा. हवा मोजणारा मॅफ सेन्सर असेल तर तो मळलाय का, तेही बघा.

तिसरी, आपल्या भागात सगळ्यात कामाची: तीच चाचणी एकदा पेट्रोलवर, एकदा सीएनजीवर करा. फक्त सीएनजीवर लीन, तर गॅसचा फिल्टर, रेग्युलेटर, गॅस इंजेक्टर किंवा किटचं मॅपिंग. फक्त पेट्रोलवर लीन, तर पेट्रोलची बाजू. महिनोन्‌महिने गॅसवर चालणाऱ्या गाडीत पेट्रोल पडून राहतं, इंजेक्टर चिकटतात. दोन्हीवर लीन, तर हवेची गळती, हवा मोजणारा सेन्सर किंवा ऑक्सिजन सेन्सरच्या आधी फुटलेला एक्झॉस्ट.

गळती शोधायला स्मोक मशीन वापरा. गरम इंजिनवर क्लीनर फवारायची सवय सोडा, आग लागू शकते. आणि सीएनजीच्या हाय प्रेशर लाइनला हात फक्त प्रशिक्षित माणसानेच लावायचा.

‘इथेनॉलमुळे झालं’ म्हणून मोकळे होऊ नका

फेब्रुवारी २०२३ पासून ई-२० पेट्रोल यायला लागलं. इथेनॉलला १ किलोला साधारण ९ किलोच हवा लागते, म्हणून ई-२० वर गाडीला थोडं जास्त इंधन द्यावं लागतं. पण ई-१० वरून ई-२० वर आल्याने पडणारा फरक साधारण ४-५ टक्क्यांचा. तेवढा इसीयू सांभाळतो. ट्रिम अधिक २२ दिसत असेल तर सगळा दोष पेट्रोलवर टाकता येणार नाही. हे गिऱ्हाइकाला आकड्यासकट समजावलंत, की त्याला कळतं हा माणूस अंदाजपंचे काम करत नाही.

आता धंद्याचं बोलू

समजा, कारण निघालं फाटलेला होज. पार्ट दीडशे रुपयांचा. मग तुम्ही कमावणार काय? पार्टवरच्या मार्जिनवर जगणारा मेकॅनिक इथे महागडा सेन्सर खपवायच्या मोहात पडतो. म्हणून निदानाचा चार्ज वेगळा ठेवा आणि गाडी आत घेतानाच सांगा: ‘दादा, तपासणीचे इतके होतील. कारण सापडल्यावर एस्टिमेट देतो, तुम्ही हो म्हणाल तेव्हाच पार्ट बदलतो.’ डॉक्टरची फी औषधाच्या बिलात लपलेली नसते, तसंच हे.

जॉब कार्डवर तीन ओळी लिहा: आधीचा ट्रिम, सापडलेलं कारण, कामानंतरचा ट्रिम. कोड नुसता पुसून गाडी देऊ नका. ट्रिम रीसेट करा, शीळफाट्यापर्यंत ट्रायल मारा, दोन्ही इंधनांवर आकडे बघा आणि स्क्रीनचा फोटो गिऱ्हाइकाच्या व्हॉट्सॲपवर टाका. भाड्याच्या गाडीवाल्याचा एक दिवस वाचला, तर स्टँडवरच्या बाकीच्या ड्रायव्हरना तो स्वतःहून सांगतो.

आजचा गृहपाठ: तुमच्या कामात निदानाला किती वेळ जातो आणि त्याचे तुम्ही किती पैसे लावता, ते वहीत लिहा. दुसरा आकडा शून्य असेल, तर तुमचा धंदाही लीन चालतोय. मेहनतीची हवा भरपूर, पैशाचं इंधन कमी!

भेटू पुढच्या व्हिडिओत.