उस्मानाबादी शेळी

मराठवाड्याच्या दक्षिण भागात धाराशिव जिल्हा वसलेला आहे. बालाघाटाच्या डोंगररांगांचा हा प्रदेश. येथे पाऊस बेताचाच पडतो, आणि तोही वेळेवर येईलच असे नाही. १९७२ साली महाराष्ट्रात जो भीषण दुष्काळ पडला, त्याची झळ या भागासही सोसावी लागली. अशा वर्षी पिके करपतात, कडब्याच्या गंजी संपतात आणि गाईबैलांना पोसणे शेतकऱ्यास अशक्य होते. परंतु माळावरील बाभळी आणि बोरी तग धरून असतात. त्यांच्या पाल्यावर जगून गरिबाच्या संसारास हातभार लावणारा प्राणी म्हणजे शेळी. तिला ‘गरिबाची गाय’ म्हणतात ते उगीच नव्हे.

या जिल्ह्याचे पूर्वीचे नाव उस्मानाबाद. २०२३ साली जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले. परंतु येथील शेळीची जात आजही ‘उस्मानाबादी’ याच नावाने ओळखली जाते. लातूर, सोलापूर, अहिल्यानगर, परभणी या जिल्ह्यांतही तिचे कळप दिसतात. भारतातील पशुधनाच्या जातींची नोंद हरियाणातील कर्नाल येथील राष्ट्रीय संस्थेत ठेवली जाते. त्या नोंदीत उस्मानाबादी शेळीस मानाचे स्थान आहे.

ही शेळी बहुधा काळ्याभोर रंगाची असते; क्वचित पांढरी, तपकिरी किंवा ठिपकेदारही आढळते. तिचे पाय लांब आणि कान लोंबते असतात. बोकडांना बहुधा शिंगे असतात. शेळ्यांत मात्र शिंगे असलेल्या व नसलेल्या अशा दोन्ही दिसतात. पूर्ण वाढलेल्या शेळीचे वजन सुमारे ३२ किलोग्रॅम भरते. ही जात मुख्यतः मांसासाठी पाळली जाते. तथापि घरच्या मुलांपुरते दूधही ती देते. तिच्या लेंड्यांचे खत शेतास उपयोगी पडते आणि कातड्यासही किंमत येते.

या जातीचा सर्वांत मोठा गुण म्हणजे तिची वंशवृद्धी. शेळीचा गर्भकाळ सुमारे १५० दिवसांचा, म्हणजे ५ महिन्यांचा असतो. व्याल्यानंतर सुमारे ३ महिन्यांनी ती पुन्हा गाभण राहिली, तर दर ८ महिन्यांनी एक, याप्रमाणे दोन वर्षांत तिची ३ वेते होतात. उस्मानाबादी शेळीस जुळी करडे होणे ही नित्याची गोष्ट आहे. गाईचा गर्भकाळ ९ महिन्यांहून अधिक असतो, आणि तिला बहुधा एकच वासरू होते, हे ध्यानात घेतले म्हणजे शेळीचे महत्त्व सहज पटते.

मात्र केवळ जात चांगली असून भागत नाही. तिची निगाही राखावी लागते. शेळीस ओल मुळीच मानवत नाही. म्हणून तिचा गोठा उंच, कोरड्या आणि हवेशीर जागी बांधतात. प्रत्येक मोठ्या शेळीस सुमारे १० चौरस फूट जागा लागते. करडू जन्मताच त्याचे नाकतोंड पुसून स्वच्छ करतात, नाळेस औषध लावतात आणि पहिल्या तासाभरातच त्यास आईचा चीक पाजतात. या चिकातून रोगाशी झुंजण्याची शक्ती करडास मिळते. तो न मिळाल्यास पुढे ते सहसा धडपणे वाढत नाही. पावसाळ्यापूर्वी आंत्रविषार या रोगाची लस टोचून घेतात व जंतांचे औषध पाजतात.

शेळी मागील दोन पायांवर उभी राहून झुडपांचे शेंडे ओरबाडते. त्यामुळे कोवळ्या रोपांची हानी होते. यावर उपाय म्हणून जाणते शेतकरी बांधावर शेवरी, हादगा, सुबाभूळ अशी झाडे लावतात आणि त्यांचा पाला कापून गोठ्यातच घालतात. जोडीला तुरीचे भुसकट आणि बाभळीच्या शेंगा असतातच. अशा रीतीने शेळीचे पोटही भरते आणि माळावरील हिरवळही राखली जाते.

परंतु या जातीस खरे भय दुष्काळाचे नाही, ते आहे बाजाराचे. ते कसे? घरात पैशाची निकड पडली की शेतकरी बोकड घेऊन आठवडी बाजार गाठतो. जो बोकड सर्वांत धष्टपुष्ट, त्यास सर्वांत अधिक मोल मिळते. म्हणून तोच आधी विकला जातो. मागे राहतात ते खुरटे बोकड, आणि पुढील पिढीचे जनक तेच होतात. एक शेळी वर्षाकाठी दोन-तीन करडांस जन्म देते. पण २५ शेळ्यांच्या कळपातील एकच बोकड वर्षात सुमारे ५० करडांचा बाप होतो. शेळीचा दोष तिच्या करडांपुरता राहतो. बोकडाचा दोष साऱ्या कळपात पसरतो. याप्रमाणे आज मिळालेल्या चार अधिक रुपयांची किंमत पुढील अनेक वर्षे चुकवावी लागते.

म्हणून चतुर पशुपालक करडांचे वजन करून ते टिपून ठेवतो. जो नर जुळ्यातील आहे, ज्याची आई दुधाळ आहे आणि जो झपाट्याने वाढला आहे, त्यास तो पैदाशीसाठी राखतो. उरलेले नर लहानपणीच खच्ची करून मांसासाठी वाढवतो. निवडलेला बोकडही तो एकाच कळपात फार काळ ठेवीत नाही. ठेवल्यास त्याच्या स्वतःच्याच पाठी त्याच्यापासून गाभण राहतात, आणि अशा निकटच्या नात्यातील संतती दुबळी निपजते. यासाठी दर दोन वर्षांनी बोकड बदलणे हितावह असते. ज्यांच्या दारी चार-पाचच शेळ्या असतात, त्यांस स्वतंत्र बोकड परवडत नाही. तेथे काही घरांनी मिळून एक उत्तम बोकड राखणे हाच शहाणपणाचा मार्ग होय.

या कामी शासनाचेही साहाय्य मिळते. पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाने तुळजापूर तालुक्यातील तीर्थ या गावी तसेच बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई येथे शेळीपालनाची प्रक्षेत्रे चालविली आहेत. तथापि जातीचे खरे रक्षण शेतकऱ्याच्या दारातच होते. शेतकरी उत्तम कणसे निवडून त्यांचे बियाणे राखतो. कितीही नड आली तरी ते दळून खात नाही. चांगला बोकड हेही कळपाचे बियाणेच होय. ते ज्या घरी जपले जाते, त्या घरची दावण दुष्काळानंतरही पुन्हा भरते.