पासपोर्ट नवा, शिक्के जुने!

'अगं, नवा पासपोर्ट आला. पण मी थायलंडमध्ये राहतो हे त्याला माहीतच नाही!'

काकाचा फोन. मी मीटिंगमध्ये होते, तरी हसू आलं. पुढचं वाक्य ऐकलं आणि हसू गेलं. तीन आठवड्यांवर पुण्यात बाबांची बायपास होती. काकाला यायचं होतं आणि त्याचा सगळा 'मुक्काम' अडकला होता रद्द झालेल्या जुन्या पासपोर्टात. चार दिवसांची रजा टाकली, लॅपटॉप घेतला आणि चिआंग माई गाठलं.

काकाची सगळी नोकरी बँकॉकजवळच्या एका कापड कारखान्यात झाली. रिटायर झाल्यावर काकू गेली आणि वर्षभरात तो चिआंग माईला शिफ्ट झाला. भाडं कमी, डोंगर जवळ. मार्च-एप्रिलचा धूर सोडला तर मस्त!

ज्याला सगळे रिटायरमेंट व्हिसा म्हणतात, तो प्रत्यक्षात दर वर्षी वाढवून घ्यायचा मुक्कामाचा परवाना असतो. वय ५० पूर्ण हवं आणि थाय बँकेत ८ लाख बाट किंवा महिना ६५ हजार बाट उत्पन्न हवं. परवाना म्हणजे पासपोर्टातला शिक्का. पासपोर्ट बदलला की शिक्का आपोआप उडी मारून नव्यात येत नाही, तो नेऊन द्यावा लागतो. आणि री-एंट्री परमिट न घेता देशाबाहेर पाऊल टाकलं, की परवाना तिथेच संपला. मग सगळं पहिल्यापासून!

काका बँकॉकचं तिकीट काढून बसला होता. 'तिथल्या चेंग वत्थनाच्या ऑफिसात माझी सगळी कामं झाली आहेत.' पण हे काम तुम्ही आज जिथे राहता, तिथल्या इमिग्रेशन ऑफिसात होतं. तिकीट रद्द!

चिआंग माईच्या काउंटरवर पहिलाच प्रश्न, 'टीएम ३०?' परदेशी माणूस घरात राहायला आला की २४ तासांत घरमालकाने इमिग्रेशनला कळवायचं, त्याचा हा फॉर्म. आमच्या घरमालकीणबाई विसरल्या होत्या आणि काकानेही विचारलं नव्हतं. म्हणजे सरकारदरबारी काका अजून बँकॉकच्या फ्लॅटमध्येच! फोन केल्यावर बाई बिचाऱ्या घराच्या नोंदणीची निळी वही घेऊन स्कूटरवर धावत आल्या. दिवस गेला.

बाकावर बसल्या बसल्या मी विचारलं, 'काका, कायमचाच का येत नाहीस पुण्याला?'

तो फाइलीची दोरी गुंडाळत राहिला. 'हे गाव तुझ्या काकूने निवडलं होतं गं. तिचं राहायचं राहून गेलं.'

मी परत विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दोन्ही पासपोर्ट, शिक्क्यांच्या पानांच्या झेरॉक्स, फॉर्म आणि टीएम ३० ची पावती असा सगळा जामानिमा घेऊन गेलो. नव्या पासपोर्टाच्या शेवटच्या पानावर जुन्याचा नंबर छापलेला असतो, तो त्यांनी ताडून पाहिला. मग शिक्का! जुन्या तारखा नव्या पानावर आल्या. या कामाची फी लागली नाही. हुश्श!

आता री-एंट्री परमिट. एका फेरीचं १,००० बाट, कितीही फेऱ्यांचं ३,८०० बाट. मी एकाचे पैसे काढले, तर काकाने हात धरला. 'मल्टिपल घे. तुझ्या बापाला एकदा भेटून भागणार नाही.'

ऑपरेशनच्या आदल्या रात्री काका हॉस्पिटलच्या खुर्चीत बसला होता. खिशात रबरबँड लावलेले दोन पासपोर्ट. बाबा म्हणाले, 'जुना कशाला बाळगतोस?' काका म्हणाला, 'त्याच्याशिवाय नव्याला कोण विचारतंय?'

तुमचं कुणी तिकडे असेल तर...
- पासपोर्टाच्या मुदतीपलीकडे मुक्काम वाढवून मिळत नाही. नूतनीकरण लवकर करा.
- जुना पासपोर्ट फेकू नका.
- घर बदललं की आधी टीएम ३०, मग बाकी सगळं.
- शिक्के नव्या पासपोर्टात आले की मगच री-एंट्री परमिट घ्या, आणि मगच विमानात बसा!