त्वचा ओळखा, मग साबण करा

आपल्या मंडळात अलीकडे घरी साबण करण्याची हौस बरीच वाढली आहे. दिवाळीला मोती साबणाच्या जोडीला कोणीतरी स्वतः केलेली वडी हातावर ठेवते, आणि "घरचा आहे, म्हणजे सौम्यच असणार" असे म्हणून आपण ती आनंदाने घेतो. मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. गेली चार वर्षे हिवाळ्यातले काही शनिवार-रविवार मी या छंदात घालवतो. त्यातून पटलेली गोष्ट अशी की, साबण सौम्य की कडक हे तो कुठे केला यावर ठरत नाही; त्यात कोणते तेल किती आहे आणि सोडा किती घातला आहे यावर ठरते.

तेलात कॉस्टिक सोड्याचे पाणी मिसळले की साबण आणि ग्लिसरीन तयार होते. प्रत्येक तेलाची सोड्याची गरज वेगळी. १०० ग्रॅम खोबरेल तेलाला सुमारे १८.३ ग्रॅम सोडा लागतो, ऑलिव्ह तेलाला १३.४ आणि एरंडेलाला १२.८. खोबरेलाच्या साबणाला भरपूर फेस येतो, मळही चटकन निघतो. पण त्याबरोबर त्वचेचे स्वतःचे तेलही निघून जाते. ऑलिव्हचा साबण कमी फेसाळ, पण त्वचेला सोसणारा. एरंडेलाने फेस टिकतो.

आपली त्वचा कोणती हे ओळखणे सोपे आहे. चेहरा धुऊन काहीही न लावता तासभर थांबा. त्वचा ओढल्यासारखी वाटली तर कोरडी. सगळीकडे चकाकली तर तेलकट. कपाळ-नाक चकाकते आणि गाल कोरडे, तर मिश्र. मात्र ही परीक्षा ऋतूप्रमाणे बदलते. माझी आई जानेवारीत पुण्याहून इथे शिकागोला आली, तेव्हा तिकडे कधी न फुटलेल्या तिच्या नडग्या हीटरच्या कोरड्या हवेने पंधरा दिवसांत खाजू लागल्या. तिच्यासाठी मी पुढील पहिले प्रमाण वापरतो.

खालील प्रत्येक प्रमाण एकूण ५०० ग्रॅम तेलाचे आहे.

कोरडी त्वचा: ऑलिव्ह ३५०, खोबरेल १००, एरंडेल ५० ग्रॅम, सोडा ६५ ग्रॅम, पाणी १५० ग्रॅम. सोडा मुद्दाम थोडा कमी घेतल्याने सुमारे ८ ते ९ टक्के तेल साबणात शिल्लक राहते. मिश्र किंवा सर्वसाधारण त्वचेसाठी हीच तेले, सोडा मात्र ६८ ग्रॅम.

तेलकट त्वचा: ऑलिव्ह ३००, खोबरेल १५०, एरंडेल ५० ग्रॅम, सोडा ७० ग्रॅम, पाणी १६० ग्रॅम.

नाजूक त्वचा: फक्त ऑलिव्ह ५०० ग्रॅम, सोडा ६१ ग्रॅम, पाणी १३० ग्रॅम. सुगंध, रंग काही नको. लिंबू-दालचिनीची अर्के नैसर्गिक असली तरी त्वचेला झोंबू शकतात.

स्वयंपाकात आपण कोथिंबीर नसली तर कढीपत्त्यावर भागवतो. इथे ते चालत नाही. तेलकट त्वचेच्या प्रमाणात खोबरेलाऐवजी ऑलिव्हच घातले, तर त्या सगळ्या तेलाला मिळून ६७ ग्रॅमहून कमी सोडा पुरतो. आपण घातलेला असतो ७०. उरलेला तीन ग्रॅम सोडा वडीत राहतो आणि अंग भाजतो. म्हणून तेल बदलले की सोड्याचा हिशेब नव्याने करा. चमचे-वाट्या नकोत, ग्रॅम दाखवणारा काटा हवाच.

करताना डोळ्यांवर बंद गॉगल, हातात रबरी मोजे, खिडकी उघडी, मुले दुसऱ्या खोलीत. सोडा थोडा थोडा पाण्यात घालावा. सोड्यावर पाणी कधीही ओतू नये, ते उसळते. भांडे स्टेनलेस स्टीलचे. अ‍ॅल्युमिनियमचे अजिबात नको. मिश्रण कोमट झाले की तेही कोमट असलेल्या तेलात ओता आणि पातळ पिठल्याइतके दाट होईपर्यंत घुसळा. साच्यात ओतून एक-दोन दिवसांनी वड्या कापा. त्या चार ते सहा आठवडे हवेशीर जागी सुकू द्या. निव्वळ ऑलिव्हच्या वडीला काही महिने दिलेले बरे. सोडा अंगावर उडाला तर लगेच वाहत्या पाण्याखाली धरा, व्हिनेगर लावत बसू नका. डोळ्यात गेला तर पाण्याने धूत राहा आणि ९११ ला फोन करा.

नवा साबण आधी कोपराच्या आतल्या बाजूला दोन-तीन दिवस लावून पाहावा. शेवटची सूचना लहान मुलांच्या आईवडिलांसाठी. खरा साबण, घरचा असो वा दुकानातला, अल्कधर्मी असतो. त्याचा पीएच साधारण ९ ते १०, तर त्वचेचा ५ च्या आसपास. त्यामुळे एक्झिमा असलेल्या किंवा तान्ह्या बाळाला कितीही प्रेमाने केलेली वडी लावू नका. डॉक्टरांना विचारून बिनसाबणाचे, बिनवासाचे क्लीन्झर घ्या. आणि कोणाला साबण भेट द्याल तेव्हा त्यातली तेले व सुगंध चिठ्ठीवर लिहून द्या. घेणाऱ्याला आपली त्वचा ठाऊक असते. वडीत काय आहे ते मात्र आपणच सांगायला हवे.